आजाराचं माहेर

माझ्या भावाचं ताट वेगळं झालं, तेव्हा तो पंचविशीच्या आसपास होता. मुदखेडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी लोक मोटरसायकलवर मागे बांधून आणत. तो त्यांच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून काढी आणि नवी तांब्याची तार भरून देई. त्या वर्षी त्याला संध्याकाळची कणकण येऊ लागली. वजन उतरलं. जेवण झालं की पोटात उजव्या बाजूला, खाली, पीळ पडल्यासारखं दुखे. नांदेडच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला टीबी होता का. होता. आमच्या वडिलांना, अण्णांना, तरुणपणी झाला होता. ते औषधांनी पूर्ण बरे झाले आणि पुढे म्हातारपणी वेगळ्याच कारणानं गेले. तपासणीत भावाच्या आतड्याला सूज आणि जखमा दिसल्या. आतड्याचा टीबी समजून औषधं सुरू झाली. त्यात डॉक्टरांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. आमच्याकडे असं चित्र दिसलं की आधी टीबीच आठवतो, आणि दुसरा जो आजार त्याच्यासारखा दिसतो, त्याचं नाव तेव्हा आमच्यापैकी कुणी ऐकलेलं नव्हतं.

दवाखान्यातून घरी आल्यावर आईनं फडताळाच्या वरच्या फळीवरून अण्णांचं ताट काढलं. जाड स्टीलचं, काठाला अण्णांचं नाव घातलेलं. अण्णांच्या आजारपणात ते वेगळं ठेवलं होतं. ते बरे झाले तरी त्या ताटात दुसरं कुणी कधी जेवलं नाही. ताट वर गेलं आणि वरच राहिलं. आता आईनं ते चिंचेनं घासलं, भावासमोर ठेवलं, शेजारी वेगळा तांब्या ठेवला. त्यानं काठावरचं नाव बोटानं चाचपलं.

"अक्का," तो मला म्हणाला, "तुला अण्णांची पुस्तकं, मला ताट. वाटणी झाली बघ."

आई हसली नाही. ती त्याचं ताट चुलीच्या राखेनं वेगळं घासायची, वर कढत पाणी ओतायची. तिच्या मनात किळस नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. सासूनं तिला जे शिकवलं होतं, ते ती करत होती. सासूनं ते तिच्या नवऱ्यासाठी शिकवलं होतं, आणि नवरा बरा झाला होता. म्हणजे ताट वेगळं ठेवणं हासुद्धा औषधाचाच एक भाग, असं तिनं धरलं होतं.

औषधांचा पूर्ण कोर्स झाला तरी तो बरा झाला नाही. तोंडात फोड येत. महिनाभर बरा असे, पुढच्या महिन्यात भिंतीला पाठ लावून बसे. शेवटी कुणीतरी हैदराबादला दाखवा म्हणालं. मी लातूरहून आले. तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरी करते, माझी मुलगी तिथंच शिकते. आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं निघालो. उमरी, धर्माबाद, बासर. आईनं बासरला गोदावरीच्या पुलावरून नाणं टाकलं आणि हात जोडले.

हैदराबादच्या डॉक्टरांनी नळी घालून आतडं पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला आणि काही दिवसांनी पुन्हा बोलावलं. ते आमच्याशी दखनी हिंदीत बोलत. आईला 'अम्मा' म्हणत. त्यांनी सांगितलं की हा टीबी नाही, क्रोन्स नावाचा आजार आहे. शरीराची राखण करणारी व्यवस्थाच आतड्यावर उलटते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सूज आहे, आणि तिथली वाट अरुंद होत चालली आहे. हा आजार मुळातून जात नाही, पण गोळ्यांनी दबून राहतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

आईनं ते शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

"उष्ट्यानं बी न्हाई?"

"नाही अम्मा."

"मंग आला कुठून?"

डॉक्टरांनी हातातले कागद बाजूला ठेवले. मग म्हणाले की नक्की कुणालाच माहीत नाही. काही भाग रक्तातून येतो, म्हणजे आईबापांकडून, त्यांच्या आईबापांकडून. पण नुसत्या तेवढ्यानं आजार होत नाही. खाणंपिणं, पोटातले जंतू, लहानपणची दुखणी, आणखी बरंच काही. आईनं यातलं पहिलंच तेवढं ऐकलं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

परतीच्या गाडीत भाऊ खिडकीला डोकं टेकून झोपला होता. आई मला तिच्या थोरल्या भावाविषयी सांगू लागली. मी त्या मामांना पाहिलेलं नाही. हदगावला त्यांची कापसाची शेती होती. वेचणीच्या दिवसांत ते पोटाला ओलं धोतर आवळून बांधत आणि वाकून काम करत. जेवायला भीत. एका जाणत्यानं त्यांच्या पोटावर तापल्या लोखंडानं डाग दिले होते. ते डाग आईनं लहानपणी पाहिले होते, बेंबीच्या उजव्या अंगाला, ओळीनं. आईचं लग्न ठरायच्या आधीच मामा गेले. कशानं, ते कुणालाच कळलं नाही. पोटानं गेले, एवढंच म्हणत.

"ह्यो बी तिथंच हात ठिवतो," आई म्हणाली. "त्याच जागी."

मी म्हणाले की मामांना काय झालं होतं हे आता कुणी सांगू शकणार नाही. ती मान हलवून म्हणाली, हाव. आणि बाहेर पाहत राहिली.

आमची आत्या मोकळ्या तोंडाची. लग्नकार्यात आई पंगतीत कमी जेवली की ती सगळ्यांदेखत म्हणायची, "हदगावकरांची आतडी लई नाजूक बाई, जरा बेतानंच वाढा." इतकी वर्षं ती चेष्टा होती. आजाराची बातमी कळल्यावर आत्या भेटायला आली, तेव्हा ती काहीच बोलली नाही. जाताना आईच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात आईला जास्त लागला असं मला वाटतं.

आजार लागत नाही हे कळल्यावर आईनं अण्णांचं ताट परत वर ठेवायला घेतलं. भावानं ते तिच्या हातून काढून घेतलं. आता यातच गोड लागतं म्हणाला. ते ताट त्याच्याकडे राहिलं. त्यात पडत मात्र दुसरंच काही होतं. आतड्याची वाट अरुंद, म्हणून ज्वारीची भाकरी बंद, हरभरा बंद, बियांच्या भाज्या बंद, तिखट बंद. मऊ भात, मुगाचं वरण, गाळलेलं ताक. लहानपणी आई भाकरी तव्यावरून काढली की तिचा फुगलेला पापुद्रा सोलायची आणि त्याच्या हातात द्यायची. तो फुंकर मारत खायचा. आता आई स्वतःपुरती भाकरी टाकायची, तीसुद्धा तो दुकानावर गेल्यावर. एकदा तो लवकर परत आला. दारातच थांबला, नाकानं श्वास घेतला, आणि परत दुकानावर गेला.

मी ग्रंथालयात बसून वाचू लागले. माझा विषय विज्ञान नाही. शब्दकोश शेजारी ठेवून, हळूहळू, दुपारी वाचक कमी असतात तेव्हा वाचत असे. जनुकांमध्ये अक्षराएवढे बारीक बदल असतात. त्यातले कितीतरी बदल या आजाराशी जोडलेले सापडले आहेत. काहींचा संबंध आजार आतड्याच्या कोणत्या भागात बसतो त्याच्याशी, काहींचा तो किती लहान वयात सुरू होतो त्याच्याशी, काहींचा वाट अरुंद होण्याशी. जो बदल पश्चिमेकडच्या रुग्णांत सगळ्यात आधी सापडला, तो आपल्याकडच्या रुग्णांत फारसा दिसत नाही, असंही वाचलं. हे सगळं वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. लिहिणारे जिथं तिथं 'संबंध आढळतो' म्हणत. 'यामुळे होतो' असं कुणी म्हणत नव्हतं. मला ते लिहिणारे प्रामाणिक वाटले. पण आईला मी हे कसं सांगणार होते? तिला संबंध नको होता. तिला आजाराचं गाव हवं होतं.

पुढच्या एका खेपेला डॉक्टरांनीच विचारलं. त्यांच्याकडे याचा अभ्यास चालू होता. आपल्या भागातल्या रुग्णांच्या जनुकांत काय बदल आहेत आणि त्यांच्या आजाराच्या रूपाशी ते जुळतात का, हे पाहायचं होतं. त्यासाठी रुग्णाचं रक्त हवं होतं, जमल्यास आईचं आणि बहिणीचंही. यानं उपचार बदलणार नाहीत, असं त्यांनी आधीच सांगितलं. भाऊ माझ्याकडे पाहत होता. आईनं तोवर पदर खांद्यावर घेऊन हात पुढे केला होता.

"कुनाकडनं आलं ते कळंल न्हवं?" तिनं मला विचारलं. मी ते हिंदीत सांगितलं. डॉक्टर म्हणाले, थोडंफार कळेल, पूर्ण नाही, आणि बराच वेळ लागेल. कळेल तेवढं मी सांगेन.

घरी आल्यावर आईचा एकच जप सुरू झाला. येता-जाता भाऊ दिसला की ती त्याच्या अंगावरून हात फिरवी आणि म्हणे, हदगावचं घेऊन आलास रं बाबा. एका दुपारी मी दुकानात बसले होते, आई त्याचा डबा घेऊन आली. दोन मोटारी समोरासमोर उघड्या पडल्या होत्या. भावानं आईला स्टुलावर बसवलं.

"आई, ह्या दोन मोटारी बघ. तार एकाच बंडलातली. एक उमरीच्या शेतात गेली, एक जवळच इथं. त्यातली एक अजून चालत राहिली असती, फक्त बेअरिंग गेलंय. दुसरी पहिल्याच उन्हाळ्यात जळून आली. आता मला सांग, दोष कशाचा? तारेचा, लाईटचा का विहिरीतल्या पाण्याचा?"

आईनं दोन्ही मोटारींकडे नीट पाहिलं.

"भरल्या कुनी?"

"मीच."

"मंग भरनाऱ्याचाच," ती म्हणाली.

तो मोठ्यानं हसला. हसता हसता, ती स्वतःविषयी काय बोलून गेली ते त्याच्या लक्षात आलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. आई डबा उघडू लागली होती. भात गार व्हायच्या आत जेव म्हणाली.

संध्याकाळी तो मला नांदेडच्या बसला बसवायला आला. तिथून मला लोहा, अहमदपूर करत लातूर गाठायचं होतं. गाडी लागायची होती. तो म्हणाला, "ते रक्ताचं काही कळलं, तर तू सांग आईला. डॉक्टरच्या तोंडून नको. आणि सांगताना अण्णांचा वाटा ठेव. मामाच्या एकट्याच्या नावावर घालू नको." मी बरं म्हणाले. तेव्हा मला वाटलं होतं की सांगताना तोही तिथं असेल.

स्थळं येत आणि परत जात. आधी टीबी म्हणून गेली, पुढे नाव न उच्चारता येणारं काहीतरी म्हणून. त्याला त्याचं वाईट वाटलं असेल. गोळ्यांनी तो अधूनमधून बराच बरा असे. मग डॉक्टर म्हणाले की अरुंद झालेला भाग काढून टाकायला हवा. त्यानं उन्हाळा संपल्यावर करू म्हटलं. उन्हाळ्यात विहिरींचं पाणी खाली जातं, लाईट कमी-जास्त होते, मोटारी जळतात. दुकानापुढे त्यांची रांग लागलेली असते आणि रानात कुणाचा ऊस, कुणाची केळी वाळत असते. डॉक्टरांनीही तेवढा काळ थांबायला हरकत नाही म्हटलं होतं. मे महिन्यात त्याच्या आतड्याची वाट एकाएकी बंदच झाली. नांदेडला ताबडतोब ऑपरेशन केलं. ऑपरेशन नीट झालं. पुढे पोटात जंतू पसरले, ते आवरले नाहीत.

मी लातूरहून पोचले तेव्हा तो शुद्धीवर होता. माझा हात धरून त्यानं विचारलं, "आई जेवली का?" मी हो म्हणाले. ती जेवली नव्हती.

तो गेल्यावर लोक आपापल्या मोटारी न्यायला दुकानावर आले. प्रत्येक मोटारीवर त्यानं खडूनं गाव लिहिलेलं होतं. अर्ध्या उघडलेल्या, तार बाहेर आलेल्या मोटारी त्यांनी तशाच उचलल्या. दहाव्याला आईनं पिंडाजवळ ज्वारीची भाकरी ठेवली, ठेचा ठेवला, आणि भाकरीचा सोललेला पापुद्रा वेगळा ठेवला. आता त्याला पथ्य नव्हतं.

अण्णांचं ताट आईनं कुणाला दिलं नाही. फडताळाच्या वरच्या फळीवर पालथं घातलं.

हैदराबादच्या डॉक्टरांचा फोन आला तो त्याला जाऊन बरेच महिने झाल्यावर. मी ग्रंथालयात होते. त्यांना भावाचं कळलेलं होतं. आधी त्याविषयी बोलले. मग विचारलं, रक्तातून जे कळलं ते आता ऐकायचं आहे का. नको म्हणालात तर मी समजेन. मी म्हणाले, आईला ऐकायचं आहे.

ते सावकाश सांगत होते. मी पुस्तकांच्या कपाटाला टेकून ऐकत होते. पश्चिमेकडे गाजलेला तो बदल आमच्यापैकी कुणातच नव्हता. दुसरे काही लहानलहान बदल भावाच्या रक्तात सापडले होते. त्यातले काही आईत होते. काही आईत नव्हते, म्हणजे ते अण्णांकडून आले असणार, पण अण्णांचं रक्त तपासायला उरलं नव्हतं. आतड्याची वाट अरुंद होण्याशी ज्याचा संबंध दिसतो, असा एक बदल भावात होता आणि आईत होता.

"आणि तुमच्यातही आहे," ते म्हणाले.

त्यांनी लगेच सांगितलं की याचा अर्थ मला आजार होईल असा नाही. असे बदल घेऊन असंख्य माणसं निरोगी जगतात. माझ्या मुलीची तपासणी करायचीही गरज नाही. मी विचारलं, मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय होता? एकाच घरात वाढलो, एकाच चुलीवरचं खाल्लं, एकाच आडाचं पाणी प्यायलो. डॉक्टर म्हणाले, मला माहीत नाही. त्यांच्या आवाजात इतका थकवा होता की मला त्यांचे आभार मानावेसे वाटले.

त्या रविवारी मी मुदखेडला गेले. दुपार होती. आई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. घरात गॅस आहे, पण भाकरी ती चुलीवरच करते. मी तिच्या शेजारी पाटावर बसले आणि सांगितलं. भावानं सांगितलं होतं तसंच, अण्णांचा वाटा धरून. थोडं तुझ्याकडचं आहे. थोडं अण्णांकडचं आहे. नुसत्या हदगावचं नाही. मामांना काय होतं ते कुणालाही सांगता येणार नाही. आणि एवढ्यानं आजार होतोच असं नाही, हेही सांगितलं. त्यासाठी म्हणून, तिला धीर यावा म्हणून, मी म्हणाले, "आता बघ, माझ्यातही तेच आहे."

तिचे हात परातीत थांबले.

"तुझ्यात बी हाय?"

"हो."

"त्याच्यात व्हतं तेच?"

"त्यातलं एक."

"मंग तुला कामून न्हाई झालं?"

ती मला दोष देत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. शिकलेली लेक समोर बसली होती, पुस्तकांत राहणारी, आणि तिला वाटलं असेल हिला माहीत असेल. मी म्हणाले, ते डॉक्टरांनाही माहीत नाही. तव्यावरच्या भाकरीला वास सुटला होता. तिनं ती उलथली, निखाऱ्यावर शेकली. भाकरी फुगली. मग ती उठली, फडताळापाशी गेली, टाचा उंचावून वरच्या फळीवरून अण्णांचं ताट काढलं, पदरानं पुसलं आणि माझ्यासमोर ठेवलं. भाकरीचा पापुद्रा सोलून त्यात ठेवला.

"खा," म्हणाली. "गरम हाय तवर."

त्या ताटात मी त्याआधी कधी जेवले नव्हते. ते तिनं का काढलं, मला ठाऊक नाही. आता वेगळं ठेवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून असेल. किंवा त्या घरात ज्याच्या पोटाची काळजी असते त्याला त्या ताटात वाढतात, म्हणूनही असेल. मी विचारलं नाही. पापुद्रा खाल्ला. काठावरच्या नावाला माझा अंगठा लागत होता.

माझ्या मनात होतं की मी तिच्यावरचं ओझं उतरवायला निघाले आहे. थोडं उतरलंही असेल. हदगावचं नाव ती आता पूर्वीसारखं घेत नाही. आत्या आली तर तिच्याशी मोकळेपणानं बोलते. पण रोज संध्याकाळी लातूरला तिचा फोन येतो. पूर्वी ती विचारायची, जेवलीस का, पोरगी अभ्यास करती का. आता ती ते विचारत नाही.

"पोट कसंय तुझं?" ती विचारते.

"बरं आहे आई."

"उजव्या अंगाला?"

"काही नाही."

"पोरीचं?"

"तिचंही बरं आहे."

मग ती थोडा वेळ फोन तसाच धरून बसते. मागे मुदखेडच्या स्टेशनातून सुटणाऱ्या गाडीचा आवाज येतो. मग उद्या फोन करते म्हणते आणि ठेवते. आणि मी, फोन खाली ठेवल्यावर, कुणी पाहत नाही ना ते बघून, भाऊ जिथं हात ठेवायचा तिथं हात ठेवून बघते.